गजकर्णाची साथ कोणी वाढवली?

ज्या रोगाने माणूस मरत नाही त्याची दखल घेण्याची चाल आपल्या आरोग्यव्यवस्थेत नाही. पटकीने गावे ओस पडत, देवीने मुले जात, म्हणून त्या रोगांविरुद्ध मोहिमा निघाल्या आणि देवीचे तर उच्चाटनही झाले. गजकर्णाने कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही. तो होतो, खाजतो, पावसाळ्यात फोफावतो, थंडीत थोडा बसतो आणि माणूस तो अंगावर काढतो. 'अंगावर काढणे' हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग या रोगाला जितका अक्षरशः लागू पडतो तितका दुसऱ्या कोणत्याही रोगाला पडत नसेल. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांत या साध्या म्हणून गणल्या गेलेल्या रोगाने देशभर साथीचे रूप घेतले, तो चिवट झाला, औषधांना जुमानेनासा झाला, तरी त्यावर विधिमंडळात वादळ उठले नाही की वृत्तपत्रांचे रकाने भरले नाहीत.

त्वचारोगतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन आलेल्या कोणालाही हा फरक सांगावा लागणार नाही. पूर्वी एखादे वाटोळे चकंदळ घेऊन रुग्ण येई, दोन ते चार आठवडे मलम लावी किंवा गोळ्या घेई आणि बरा होई. आता मांड्या, कंबर, पाठ, कधी चेहराही व्यापून टाकणारे चट्टे घेऊन संपूर्ण कुटुंबच येते. सहा-आठ आठवडे गोळ्या घेतल्या तरी पुरत नाही. औषध थांबले की महिन्याभरात रोग पुन्हा हजर. झोप उडते, चार माणसांत बसणे अवघड होते, मुलीचे लग्न लांबणीवर पडते. जांघेतला रोग बाईने कोणाला दाखवायचा हा प्रश्न तर वेगळाच. घरच्यांनाही न सांगता ती वर्षानुवर्षे सोसत राहते आणि शेवटी शेजारणीने सांगितलेल्या मलमाची नळी गुपचूप मागवते.

त्या नळीची हकीकत सांगण्यासाठी आधी बुरशीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. गजकर्णाची बुरशी आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरावर जगते. त्या थरातील केराटिन हे तिचे अन्न. केस आणि नखेही त्याच द्रव्याची असल्याने तीही तिला चालतात. ऊब, ओल आणि घट्ट कपडा एवढे मिळाले की तिला अधिक काही लागत नाही. शरीर तिच्याशी झगडते. लाली, खाज, चट्ट्याची उंचावलेली कड ही त्या झगड्याचीच खूण होय. म्हणजे रुग्णाला ज्याचा त्रास होतो ती पुष्कळ अंशी त्याच्याच देहाची प्रतिकाराची धडपड असते.

आता या धडपडीवरच घाव घालणारे औषध लावले तर काय होईल? स्टिरॉइड नेमके तेच करते. क्लोबेटासोलसारखे जहाल स्टिरॉइड चट्ट्यावर चोळले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली मावळते, रुग्ण दुकानदाराला दुवा देतो. बुरशी मात्र जागच्या जागी असते. किंबहुना पहारेकरीच झोपवल्यामुळे ती निर्वेधपणे पसरते, केसांच्या मुळांतून खोल उतरते. चट्ट्याचे वाटोळे रूप हरवते, कड पुसट होते आणि जाणत्या डॉक्टरलाही रोग ओळखणे कठीण जाते. १९६८ साली इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी या वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन करून त्याला नावही दिले होते. म्हणजे हे ज्ञान नवे नाही, अर्धशतकाहून जुने आहे. मलम थांबवले की खाज दुपटीने उसळते आणि रुग्ण पुन्हा तीच नळी घेतो. कातडी कागदासारखी पातळ होते, मांड्यांवर आणि काखेत कधीच न जाणारे वळ उमटतात. लहान मुलांच्या कोवळ्या कातडीतून हे द्रव्य रक्तात उतरते व त्यांची वाढ खुंटवू शकते.

असे असताना आपल्या देशात बुरशीवरची म्हणून जी मलमे सर्वाधिक खपत आली त्यांत काय असते ते पाहावे. एक बुरशीनाशक, एक किंवा दोन जंतुनाशके आणि एक जहाल स्टिरॉइड, अशी तीन, चार, कधी पाच द्रव्यांची मिसळ एकाच नळीत भरलेली असते. एका रुग्णाला एकाच वेळी बुरशी, जंतू आणि इसब असे सर्व रोग झाले आहेत असे गृहीत धरून बनवलेले हे औषध आहे. निदान न करताच उपचार करण्याची ही सोय होय. डॉक्टरला विचार करावा लागत नाही, दुकानदाराला विचारावे लागत नाही आणि रुग्णाला दोन दिवसांत आराम पडतो. औषधाच्या गुणाची परीक्षा जर दोन दिवसांच्या आरामावर होणार असेल, तर प्रामाणिक बुरशीनाशक या बाजारात हरणारच. साधे क्लोट्रिमाझोल खाज थांबवायला आठवडा घेते, आणि ज्याला उद्या पहाटे पुन्हा मागावर उभे राहावयाचे आहे त्याला आठवडाभर थांबा असे सांगणे सोपे नाही. नफ्याची ही युक्ती अशी की, तिला रुग्णाच्या अज्ञानापेक्षा त्याच्या निकडीचा आधार अधिक आहे.

अशी मिश्रणे बाजारात येतात कशी? यालाही इतिहास आहे. नव्या मिश्र औषधाला केंद्रीय नियंत्रकाची मान्यता लागते, परंतु अनेक राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी ती न पाहताच उत्पादनाचे परवाने वाटले. संसदेच्या स्थायी समितीने २०१२ च्या आपल्या अहवालात या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. पुढे कोकाटे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणीचा आदेश दिला. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक यांची कित्येक मलमे या यादीत होती. अडीच वर्षे हा खटला चालला आणि अडीच वर्षे नळ्या विकल्या गेल्या. नंतर काय झाले तेही सर्वांना ठाऊक आहे. यादीत जे नेमके मिश्रण लिहिले आहे त्यातला एखादा घटक बदलावयाचा आणि जुन्याच नावाला एखादे शेपूट जोडून नवी नळी बाजारात आणावयाची. एकेका मिश्रणाचे नाव घेऊन बंदी घालणारे सरकार आणि रोज नवे मिश्रण करणारा कारखानदार यांच्या शर्यतीत कोण पुढे राहणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट त्याहून उद्वेगजनक आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांची यादी म्हणजे अनुसूची एच. स्टिरॉइडे तिच्यात होतीच, पण बाहेरून लावावयाची औषधे वगळण्याची एक तळटीप तिला जोडलेली होती. या एका तळटिपेच्या आडोशाने जगातील सर्वांत जहाल त्वचा-स्टिरॉइडे आपल्याकडे बामासारखी विकली जात होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने सातत्याने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टिरॉइडांना ही सवलत नाकारली. कायदा झाला. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात जाऊन 'खाजेचे मलम द्या' एवढे म्हणून पाहावे. चिठ्ठी कोण मागते ते कळेल. औषध निरीक्षकांची पदे रिकामी ठेवावयाची, जे आहेत त्यांच्याकडे दोन-दोन जिल्ह्यांचे काम द्यावयाचे आणि मग कायदा आहे म्हणून समाधान मानावयाचे, हा आपला नेहमीचाच रिवाज.

या अवधीत बुरशी स्वस्थ बसली नव्हती. पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटन रुब्रम ही जात प्रमुख होती. तिची जागा दुसऱ्याच एका जातीने घेतली. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एक द्रव्य तयार होऊ देत नाही; ज्या विकरावर ते हल्ला करते त्या विकराच्या जनुकातच या बुरशीत बदल झाला आणि औषधाचा नेम चुकू लागला. २०१८ पासून दिल्ली व चंडीगड येथील संशोधकांनी हे सप्रमाण दाखवून दिले. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी एका भारतीय व एका नेपाळी रुग्णात सापडलेल्या या बुरशीला स्वतंत्र जात मानून ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. पुढे ती युरोपात आढळली आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यू यॉर्कमधील दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. देशाचे नाव रोगाला चिकटवावे काय, यावर आपल्याकडील काही तज्ज्ञांनी नाराजी व्यक्त केली आणि ती अस्थानी नाही. पण नावाने अब्रू जाते आणि औषधाच्या दुकानाने जात नाही, हा न्याय आम्हाला समजत नाही.

या चिवटपणात स्टिरॉइडाचा वाटा किती, अर्धवट सोडलेल्या गोळ्यांचा किती, निकृष्ट औषधांचा किती आणि वाढत्या उष्म्याचा किती, यावर तज्ज्ञांत चर्चा आहे आणि ती चालू राहील. स्टिरॉइडाने बुरशीच्या जनुकात बदल होतो असे कोणी म्हणत नाही. पण रोग महिनोन् महिने अंगावर जिवंत ठेवावयाचा, त्याला थोडे थोडे औषध पाजत राहावयाचे आणि एकाकडून दुसऱ्याला जाऊ द्यावयाचे, यापरते प्रतिकारशक्ती कमावण्याचे चांगले विद्यालय बुरशीला दुसरे कोणते मिळणार? २०२१ च्या करोना लाटेत काळ्या बुरशीने जो हाहाकार केला तो निराळ्या बुरशीचा निराळा रोग होता. तिचे सरकारी नोंदीतील रुग्ण पंचेचाळीस हजारांवर गेले. परंतु तेथेही अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीला स्टिरॉइडाचा बेसुमार वापर होताच. बुरशीची आणि स्टिरॉइडाची ही सोयरीक आपल्याला नवी नाही.

रोग कोणाला होतो? बुरशी जात पाहत नाही, वर्गही पाहत नाही, हे खरे. पण ती घाम पाहते, दाटी पाहते आणि पाण्याची टंचाई पाहते. भिवंडीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागाच्या कोंदट शेडमध्ये बारा तास उभा असलेला कामगार, एका खोलीत आळीपाळीने झोपणारे आणि एकाच दोरीवर कपडे वाळवणारे दहा जण, कृत्रिम धाग्याचा गणवेश व बंद बूट घालून उन्हात उभा केलेला सुरक्षारक्षक, फडावरच्या कोपीत आंघोळीच्या पाण्याची पंचाईत असलेली ऊसतोड मजुरीण, भातलावणीत दिवसभर चिखलात पाय असणारी आणि म्हणून चिखल्यांनी बेजार झालेली कोकणातील कुणबीण. 'कपडे रोज धुवा, उन्हात वाळवा, टॉवेल वेगळा ठेवा, सैल सुती कपडे घाला,' असे डॉक्टर सांगतात आणि ते अगदी बरोबर सांगतात. मात्र दोन दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या वस्तीत हा सल्ला पाळावयाचा तर आधी पाणी आणावे लागेल, आणि ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे, कारण तो केवळ दुकानदारांचा नाही, आपल्या काही कार्यकर्त्यांचाही आहे. ते म्हणतात, गरिबाला दुकान हाच दवाखाना आहे. दुकानाचे दार बंद केलेत तर तो जाईल कोठे? त्वचारोगतज्ज्ञ शहरात, जिल्हा रुग्णालय पन्नास मैलांवर, तेथे रांगेत उभे राहायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि लिहून दिलेल्या इट्राकोनॅझोलच्या महिन्याभराच्या गोळ्या बाहेरून विकत घ्यायच्या तर आठवड्याची कमाई जाते. हा आक्षेप खोटा नाही. केवळ बंदी घातली तर रोगी आपोआप बरे होणार नाहीत, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष असा आहे की प्राथमिक आरोग्य केंद्रात बुरशीचे निदान आणि औषध दोन्ही मिळाले पाहिजेत. गरिबाला विष स्वस्तात मिळाले पाहिजे असा तो निघत नाही. आणि निदान अवघड आहे असे तर मुळीच नाही. चट्ट्याच्या कडेची चार खपले काचपट्टीवर खरवडून घ्यावयाची, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकावयाचा आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. बुरशीचे तंतू दिसतात. हिवतापाच्या आणि क्षयाच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक व तंत्रज्ञ जेथे आहेत तेथे एवढ्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. शिकवावे मात्र लागते, आणि शिकवण्याच्या खर्चात कोणा पुरवठादाराला गोडी नसते.

औषधे बनवण्याची कुवत या देशात नाही असेही कोणी म्हणू नये. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधांचा पहिला कारखाना. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या साहाय्याने तो उभा राहिला आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. एवढेच नव्हे, तेथील संशोधन विभागात डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन नावाचे बुरशीनाशक शोधून काढले. त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे आणि औषधाच्या नावात कारखान्याचे. सरकारी कारखान्यात संशोधन होत नाही, हा सिद्धांत जे लोक परिषदांतून मांडतात त्यांना ही दोन नावे एकदा लिहून द्यावीत. शेतातील पिकांच्या बुरशीवरचे ऑरिओफंजिनही याच कारखान्यातले. पुढे हा कारखाना कसा आजारी पडला, किंवा पाडला गेला, ती कहाणी कामगार चळवळीतील वाचकांना नव्याने सांगावयास नको. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकण्याचा व कारखान्याच्या निर्गुंतवणुकीचा निर्णय घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने मिश्र औषधांवर बंदी घातली होती आणि न्यायालयात कंपन्यांच्या वकिलांच्या रांगा लागल्या होत्या. खासगी नळ्यांचे काय करावयाचे याचा निकाल लागत नव्हता, सरकारी कारखान्याच्या जमिनीचा मात्र लागला.

१९७५ साली हाथी समितीने या देशाच्या औषधधंद्याचा मूलभूत विचार केला होता. अत्यावश्यक औषधांची मर्यादित यादी, व्यापारी नावांचे क्रमाने उच्चाटन, सार्वजनिक क्षेत्राकडे पुढारीपण, अशा तिच्या शिफारशी होत्या. त्या कपाटात गेल्या. व्यापारी नावे जर त्याच वेळी हटली असती तर जुन्या नावाला शेपूट जोडून नवे मिश्रण खपवण्याचा आजचा धंदा शक्यच झाला नसता. नळीवर 'क्लोबेटासोल' असे ठळक लिहिलेले असते तर दुकानदारालाही ती खाजेचे मलम म्हणून देताना क्षणभर हात आखडता घ्यावा लागला असता.

आणि नफ्याशिवाय औषधच निघत नाही म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. बुरशीवरील पहिल्या परिणामकारक औषधांपैकी निस्टाटिन हे अमेरिकेतील एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी १९५० साली जगापुढे ठेवले. न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या त्या नोकर होत्या आणि औषधाचे नाव त्यांनी त्या राज्यावरून ठेवले. स्वामित्वधनाचे एक कोटी तीस लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न त्यांनी स्वतःकडे न घेता संशोधनासाठी दिले.

आतापर्यंत ज्या रोगाबद्दल लिहिले त्यात बाजार फार आहे. ज्यात बाजारच नाही असाही बुरशीचा एक रोग आहे, आणि तो आपल्याच देशात प्रथम नोंदला गेला. १८४२ साली मदुराई येथे जॉन गिल यांनी त्याचे वर्णन केले म्हणून त्याला 'मदुरा फूट' म्हणत. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी तो बुरशीचा रोग आहे हे दाखवून त्याला मायसेटोमा हे नाव दिले. हेच कार्टर 'ग्रेज अॅनॅटमी' या विख्यात ग्रंथाचे चित्रकार. काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात काटा मोडतो, काट्याबरोबर मातीतील बुरशी आत जाते, काही महिन्यांनी गाठ येते. दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. वर्षे जातात, पाय सुजून बेढब होतो, छिद्रे पडतात आणि त्यांतून काळे, पिवळे वा पांढरे रवे बाहेर पडू लागतात. तोवर रोग हाडात पोहोचलेला असतो. काही रुग्णांत हा रोग बुरशीऐवजी तंतुरूप जीवाणूंचा असतो आणि तो जंतुनाशकांनी बरा होऊ शकतो. खऱ्या बुरशीचा असला तर वर्षभर वा अधिक काळ महाग गोळ्या, आणि तरीही कित्येकदा पाय कापावा लागतो. ज्याचे पोट पायावर आहे त्याचा पाय.

कार्टर यांच्या शोधानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर, २०१६ साली, जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले. दुर्लक्ष झाले हे मान्य करायला इतका काळ लागला. या रोगावरील जगातील प्रमुख संशोधन केंद्र कोणा श्रीमंत देशात नव्हते, ते १९९१ पासून सुदानची राजधानी खार्टूम येथे होते. तेथे २०१७ पासून फॉसराव्हुकोनॅझोल या औषधाची या रोगावरील पहिली शिस्तशीर चाचणी झाली. शंभरावर रुग्ण तीत होते आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाचे हे औषध रोज घ्यावयाच्या इट्राकोनॅझोलच्या तोडीचे ठरते असे दिसून आले. हे औषध मुळात नखांच्या बुरशीसाठी जपानमध्ये विकले जात होते. म्हणजे सुखवस्तू माणसाच्या नखासाठी ते आधी तयार होते, नांगरामागे चालणाऱ्याच्या पायापर्यंत यायला ना-नफा संस्थेला मध्ये पडावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये सेनापतींचे युद्ध पेटले आणि ते केंद्र उद्ध्वस्त झाले. चाळीस वर्षांच्या नोंदी आणि नमुने त्यात गेले. आपल्याकडे राजस्थान, तमिळनाडू येथून या रोगाच्या नोंदी वर्षानुवर्षे होत आहेत. खार्टूमचे काम उचलून धरण्याची बुद्धी, साधने आणि इतिहास या देशाकडे आहे. इच्छा आहे काय, हे केंद्र सरकारने सांगावे.

मागण्या फार नाहीत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. स्टिरॉइड व बुरशीनाशक यांची एका नळीतील मिसळ, मग तिचा तिसरा-चौथा घटक कोणताही असो, तत्त्वतःच बेकायदा ठरवावी. एकेक नावाची यादी करीत बसू नये. अन्न व औषध प्रशासनातील निरीक्षकांची रिक्त पदे भरावीत आणि अनुसूचीचा भंग करणाऱ्या दुकानांवरील कारवाईची आकडेवारी जिल्हावार प्रसिद्ध करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे बुरशीनाशक मलम आणि पूर्ण मुदतीच्या गोळ्या, एकट्या रुग्णाला नव्हे तर बाधित कुटुंबाला, मोफत मिळाव्यात. आणि कुष्ठरोगाच्या शोधासाठी घरोघर जाऊन कातडी तपासणारे जे कर्मचारी महाराष्ट्राजवळ आहेत त्यांच्याकडून चट्टा पाहताना फक्त कुष्ठरोगाचाच विचार न करता गजकर्ण, खरूज, पायाची न दुखणारी गाठ हेही नोंदवून घ्यावे. त्वचेच्या दुर्लक्षित रोगांचा असा एकत्रित शोध घेण्याची रूपरेषा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्येच दिली आहे. महारोग निवारणाच्या कामात ज्या महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली त्याला हे जड जाऊ नये.

शाखांसाठी याहून लहान काम आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील पन्नास घरांत जाऊन घरात असलेली मलमाची नळी पाहावी. तिच्यावरील बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिले आहे काय, ती कोणाच्या चिठ्ठीवर आणली आणि किती महिने चालू आहे, एवढेच टिपून घ्यावे. ज्याने ती बरेच महिने वापरली आहे त्याला ती एकाएकी फेकून देण्यास न सांगता डॉक्टरकडे न्यावे, कारण अचानक बंद केल्यास त्रास उसळतो. स्त्रियांकडे स्त्री कार्यकर्त्यांनीच जावे. जमलेल्या नोंदी, नावे वगळून, जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांपुढे ठेवाव्यात व त्यांची पोच घ्यावी.